तुला न सांगितलेला रिपोर्ट

दादा,

जेटीवर तुझा बॅनर लागलाय. मंडळाच्या पोरांनी लावला. नारळी पौर्णिमेचा तुझा तो टोपीतला फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाचे तांडेल'. मजकूर मीच दिला. घरात शिकलेली मी, म्हणून पोरं माझ्याकडे आली. प्रेमळ ठीक आहे. मनमिळाऊ तू नव्हतास, आणि शांत तर मुळीच नाही. बोटीवर तुझा आवाज इंजिनाच्या वर जायचा. पण बॅनरवर माणसाबद्दल तेवढंच लिहितात. त्याच्या पलीकडचं मी इथे लिहिते.

तू गेलास त्याला सव्वा महिना होत आला. तुला एक गोष्ट सांगायची राहिली. विसरून राहिली नाही, मी ठेवली. तीन वर्षं दर दुसऱ्या शनिवारी रत्नागिरीहून नाट्याला, आपल्या गावी यायचे, तुझ्या खाटेशी बसायचे, आणि ती न सांगता रविवारी दुपारच्या एसटीने परत जायचे. तुला शब्द दिला होता की मी माझी टेस्ट करणार नाही. मी केली. निकाल काय आला ते तुला सांगितलं नाही.

काल ते वहिनीला आणि तुझ्या तन्वीला सांगितलं. खरं तर पहिला हक्क तुझा होता. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, माझी चूक कुठे झाली तिथपर्यंत.

बाबांना गावाने दारुडा ठरवलं तेव्हा मी चौथीत होते. चालताना ते झुलायचे, हातातला तांब्या सांडायचा, जीभ अडखळायची, आणि मध्येच कोणावर तरी उगाच ओरडायचे. खलाशी म्हणाले, ह्यांच्या हातात सुकाणू नको. बाबा देवाची शपथ घेऊन सांगायचे, मी घेत नाही. त्यावर सगळ्यांत कमी विश्वास तुझा होता. तू सतरा वर्षांचा, नुकताच शाळा सोडून बोटीवर जायला लागलेला, आणि तुला त्यांची लाज वाटायची. एका संध्याकाळी ते अंगणात पडले, तर तू दार उघडलं नाहीस. 'उतरली की या आत,' म्हणालास. आई उघडायला आली तेव्हा कडीवर हात ठेवून उभा राहिलास. बाबा पायरीवर बसून होते. मी खिडकीतून बघत होते. ते रडत नव्हते. त्यांचा पाय आपोआप हलत होता, भजनात कोणी ताल धरावा तसा, आणि ते दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरत होते.

ह्यावर आपण दोघं कधी बोललो नाही. पुढे बाबा गेले, बोट तुझ्याकडे आली, आणि तू मला म्हणालास, 'बाय, तू आता थांबू नको. हाय तेवढं सगळं शिक.' मी शिकले. आपल्या घरातली, आपल्या वाडीतली पहिली पदवीधर मी. पदवीदान समारंभाला तू पांढरा शर्ट घालून आला होतास आणि शेजारच्या माणसाला विचारत होतास, 'ह्यापेक्षा वरची परीक्षा असते काय?' पुढे मी लॅबचा कोर्स केला, रत्नागिरीत पॅथॉलॉजीत लागले. लोकांचं रक्त काढायचं, त्यात काय आहे ते बघायचं, कागदावर लिहून द्यायचं. तू गावभर सांगायचास, बहीण डॉक्टरीण आहे. मी कितीदा दुरुस्त केलं. तू म्हणायचास, 'डॉक्टर तुझ्याच कागदावर औषध देतो ना? मग मोठं कोण?'

तुझं पहिलं लक्षण मी पकडलं, कुठल्या डॉक्टरने नाही. त्याचा आधी मला अभिमान वाटला, हे कबूल करते. तू विणलेलं जाळं गावात ओळखू यायचं. भोकं एकसारखी, गाठी एकसारख्या. त्या मे महिन्यात तू अंगणात जाळं दुरुस्त करत होतास आणि मी शेजारी फणस सोलत होते. एक भोक मोठं, एक लहान. तू गाठ सोडवलीस, परत मारलीस, परत तेच. तुझ्या डाव्या हाताची बोटं जाळं सोडून हवेतच काहीतरी वाजवत होती आणि तुझं तिकडे लक्षही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे पायरी आली.

बंदरावर ते बाहेर पडायला पुढे चार महिने लागले. तू जेटीवरून चालत येत होतास आणि एक खलाशी दुसऱ्याला म्हणाला, 'तांडेलानी आज घेतल्यानी वाटतं.' तू वळलास, त्याची कॉलर धरलीस आणि त्याच्या नाकासमोर तोंड उघडलंस. 'घे वास. घे.' सगळे हसले. तूही हसलास असं मला नंतर कळलं. मग घरी आलास आणि बाबा बसायचे त्याच पायरीवर अंधार पडेपर्यंत बसलास. मला फोन केलास. म्हणालास, 'बाबा प्यायलेले नव्हते गो.'

मी म्हटलं, 'नव्हते.'

'मी दार उघडलं नाय.'

त्यावर मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तू सतरा वर्षांचा होतास, कोणालाच कळलं नव्हतं, एवढं तरी. पण लॅबमध्ये सकाळची गर्दी असते तशी माझ्या डोक्यात तेव्हा दुसरीच धावपळ चालली होती: कोणता डॉक्टर, कोणती तपासणी, कुठे जायचं. मी तुला कोल्हापूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी तुला चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली, आणि मग सगळा वेळ बाबांबद्दलच विचारलं. रक्त दिलं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट मिळाला. हंटिंग्टनचा आजार. आईबापांकडून येणारा. एका जीनमध्ये तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला जातो, गरजेपेक्षा जास्त वेळा, आणि त्यातून बनणारं प्रथिन मेंदूच्या पेशींना हळूहळू मारत जातं.

परत येताना पालीला गाडी चहाला थांबली. तू बशीत चहा ओतलास. अर्धा टेबलावर गेला, तू तिकडे बघितलंही नाहीस.

'बाबांकडून मला. मग तुला?'

'अर्धी शक्यता. तुला होती तेवढीच मला.'

'नि तन्वीला?'

'तिलाही तेवढीच. तुझ्याकडून.'

'म्हणजे घरटी एकाला धरतो असं नाय? मला धरलंन म्हणजे तू सुटलीस असं?'

'नाही दादा. प्रत्येक पोरासाठी वेगळा कौल लागतो, आईच्या पोटात असतानाच. तुझा डावा पडला म्हणून माझा उजवा पडेल असं नाही.'

'मग देव बसलाय कशाला?' म्हणालास. चिडला नव्हतास. खरंच विचारत होतास. मग मला म्हणालास, 'तू तपासू नको.'

'का?'

'एका घरात एवढं कळलं ता बस झालं. तुझं पण तसंच आलं तर मी काय करू? नि नाय आलं तर...'

'नाही आलं तर काय?'

'काय नाय. शब्द दे.'

कंडक्टरने घंटी मारली. मी शब्द दिला. आणि तू अर्धवट सोडलेलं ते वाक्य मी माझ्या मनाने पुरं करून टाकलं. मला वाटलं, तुला म्हणायचं होतं, नाही आलं तर मी एकटा पडेन. एका बोटीत दोघं होतो, त्यातला एक किनाऱ्याला उतरेल. एवढं साधं माणसाचं मन मला कळतं, असं मी समजत होते. शिकल्याचा हा एक तोटा आहे. समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं.

त्यानंतरची वर्षं आपली भांडण्यात गेली. भांडण एकच होतं, सुजेचं.

सुरुवात मीच केली. मी वाचत होते, डॉक्टरांना विचारत होते, आणि आले की तुला सांगत होते. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. घाण उचलतात, जंतू आला तर त्याच्यावर धावतात. ह्या आजारात त्या सतत चिडलेल्या राहतात, रसायनं सोडत राहतात, आणि चांगल्या पेशींनाही त्याचा त्रास होतो. मेंदूला आतून सूज आल्यासारखं होतं. पार्किन्सनमध्ये, विसरण्याच्या आजारातही असंच काहीसं होतं.

तू म्हणालास, 'म्हणजे राखणदार कोपला.'

'कोपला नाही. गोंधळला.'

'नारळ दे त्याला.'

हसलो. पण दुसऱ्या खेपेला तू तयारीने बसला होतास. पाय पुढे केलास. घोट्याखाली जुना डाग होता, शिंगाळ्याच्या काट्याचा. जाळ्यातून मासा सोडवताना तो काटा ज्याच्या पायात गेला त्यालाच ठाऊक. मांडीपर्यंत कळ जाते आणि पाय भोपळ्यासारखा सुजतो. 'ह्याला सूज आली होती,' म्हणालास. 'गरम पाण्यात पाय ठेवला, गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी बोटीवर गेलो. सूज उतरते गो. सुजेला औषध असतं. तुझ्या त्या जीनला नाय.'

'दादा, तिथे काटा बाहेरून आला होता. इथे काटा जन्मापासून आत आहे. सूज त्याची आहे. काटा आहे तोवर सूज राहणार.'

'काटा निघत नसेल तर सूज तरी उतरव.'

हे चुकीचं नव्हतं. जगात शिकलेली माणसं नेमकं हेच करून बघतायत. पण मी तेव्हा तुझी मास्तरीण झाले होते. तुला हरवायचं होतं मला, का ते आज सांगता येत नाही. बहुतेक तू सुजेवर आशा धरलीस ती मला सहन होत नव्हती. कारण ती खोटी ठरली की तिचे तुकडे मलाच उचलावे लागणार होते.

मग ते गोळ्यांचं प्रकरण झालं. तुला काळी शी होतेय असा वहिनीचा फोन आला. मी आले, तुला रत्नागिरीला नेऊन दाखल केलं. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. नंतर पडवीतल्या जुन्या जाळ्याच्या ढिगाखाली सुजेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. मेडिकलवाल्याला पाय सुजलाय सांगून तू दोन महिने रोज तीन तीन घेत होतास. मी वॉर्डात, वहिनीच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसांच्या देखत तुला म्हटलं, 'बी.एस्सी. तू झालास का मी?'

तू सलाइनच्या हाताकडे बघत होतास. तो हात नर्सने फळीला बांधून ठेवला होता, हलू नये म्हणून. म्हणालास, 'तूच झालीस गो. म्हणून तर तुला इचारत होतो.'

आणि आणखी एक. मागच्या वर्षी तुला ताप आला, छातीत कफ भरला, आणि त्या पंधरा दिवसांत तू एकदम दोन पायऱ्या खाली गेलास. त्याआधी धरून चालत होतास, नंतर नाही. वहिनीला तू म्हणालास, 'बघ, अंगात सूज आली, डोक्यात वाढली.' मी ते डॉक्टरांना हसत हसत सांगितलं, आमचा दादा असं म्हणतो म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, 'त्यांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नाही. मूळ जीनमध्ये आहे. पण अंगात संसर्ग झाला की मेंदूतल्या राखण करणाऱ्या पेशी अजून भडकतात असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ती आग विझवणारं औषध ह्या आजारात अजून कोणाला मिळालेलं नाही, एवढंच.' मी तुला हे सांगितलं नाही. तू अर्धा बरोबर होतास, आणि तो अर्धा तुझ्या हातात देण्याइतकं मन मी मोठं केलं नाही. आज देते. काट्याचं माझं खरं होतं, सुजेचं तुझं.

आता टेस्टचं.

एका सकाळी लॅबमध्ये माझ्या हातून रक्ताची ट्यूब सुटली. कोणाच्याही हातून सुटते. पण मी ती उचललीच नाही. हात समोर धरून बघत राहिले. त्यानंतर आठ दिवस मला कोणाच्या शिरेत सुई घालवेना. सुई पुढे नेली की वाटायचं, आता हलणार. मी पोरांकडून रक्त काढून घ्यायला लागले आणि स्वतः रिपोर्ट टाईप करत बसले. माझं पोट ज्या हातांवर चालतं त्यांच्याकडे मी चोरासारखी बघत होते. शेवटी रजा टाकून मुंबईला गेले, कोणाला न सांगता. तिथे आधी एक बाई समजावून सांगतात, दोनदा बोलावतात, घाई करू देत नाहीत. त्यांनी विचारलं, 'निकाल पहिला कोणाला सांगणार?' मी विचार न करता म्हटलं, 'भावाला.'

निकाल आला. माझ्यात ते नाही.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पाण्याचा ग्लासही. पाणी प्यायले नाही. खाली येऊन उसाचा रस प्यायले, बर्फ घालून, पुरा मोठा ग्लास. गोड लागला. आणि मग तिथेच, गाड्यापाशी, लाज वाटली. बाबा, तू, कदाचित तन्वी, आणि मी रस पितेय.

त्या शनिवारी नाट्याला आले ते सांगायचं म्हणूनच. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास. मी पिशवी ठेवायच्या आत म्हणालास, 'हात बघू.'

ते तुझं नेहमीचंच झालं होतं. मी आले की तू मला हात समोर धरायला लावायचास, बोटं पसरून, आणि त्यावर कॅलेंडरचं एक पान ठेवायचास. पान थरथरतंय का बघायचास. तुझी स्वतःची मान, खांदे, पाय सगळं हलत असायचं, पान ठेवताना दोनदा खाली पडायचं, पण एकदा ते माझ्या बोटांवर बसलं की तुझे डोळे त्यावर असे खिळायचे की दुसरं काही हलत नसावं. मग म्हणायचास, 'स्थिर हाय. जेव आता.'

त्या दिवशीही म्हणालास. वहिनीने बांगड्याचं कालवण केलं होतं. मी जेवले. रविवारी परत गेले.

का नाही सांगितलं? मी स्वतःला सांगायचे, तुझ्यासाठी. तुझ्या बोटीतून उतरले हे तुला कळायला नको. तू एकटा पडशील. आणि मग तन्वीचं काय, हा प्रश्न तुला खायला उठेल. पुढच्या खेपेला सांगू, जरा बरा दिवस बघून. बरा दिवस पुढे आलाच नाही, आणि तुझी जीभ हळूहळू तुला सोडत गेली. शेवटच्या महिन्यात तू बोलत नव्हतास. कॅलेंडरचं पान धरणं तर दूरच. तरी मी आले की माझी बोटं धरायचास आणि बघायचास. मी ती तुला बघू द्यायचे. तेव्हाही सांगता आलं असतं. कान शाबूत होते तुझे.

आणि आता ते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात देवळातले गुरवआबा भेटायला आले. पडवीत बसले, पाणी प्यायले, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. मग मला म्हणाले, 'तुझा भाऊ माझ्याकडे कौल लावायला आलेला, तुला सांगितलान काय?'

मी म्हटलं, 'नाही. कधी?'

'कोल्हापूरहून आलात त्याच आठवड्यात. एकटाच आलान. धरत धरत, पायऱ्या चढून. मी देवाला लावायच्या कळ्या भिजवल्या, म्हटलं, बोल, काय विचारायचं? तर म्हणाला, माझं ठाऊक हाय, माझं विचारू नको. बहिणीला हाय काय विचार नि पोरीला हाय काय विचार.'

'मग?'

'मी म्हटलं, एका कळीला एकच प्रश्न. दोघींचं एकदम विचारता नाय येत. आधी कोणाचं विचारू? तर गप. बसून राहिला खांबाला टेकून. माझी सांजेची पूजा झाली, दिवा लावला, तरी बसलाच. मग म्हणाला, नको लावू कौल. नि उठून गेला.'

मी आबांना विचारलं, 'काहीच बोलला नाही?'

'जाताना बोललान. म्हणाला, आबा, आधी कोणाचं ता माझ्याच्यान ठरत नाय.'

दादा, मला त्या क्षणी कळलं ते असं. तुझ्या डोक्यात दोन प्रश्न होते. तू ते दोन्ही घेऊन झोपायचास, दोन्ही घेऊन उठायचास, आणि त्यातला एक आधी म्हणून पुढे काढायला तुझं मन धजावलं नाही. त्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर तीन वर्षं माझ्या पर्समध्ये घडी करून होतं. मी ते तुझ्यासमोर बसून, तुझ्या हातचं पान बोटांवर घेऊन, लपवत होते. तुला एकटं पाडायचं नाही म्हणून. पालीला तू सोडून दिलेलं वाक्य काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही. पण मी पुरं केलं तसं ते नव्हतं, एवढं कळलं.

एक गोष्ट मात्र तुझ्याशी भांडून सांगितली असती, कौल लागला असता तरी, नसता तरी. त्या देवळात तू कोणाचंही नाव आधी घेतलं असतंस तरी आमच्यात काही बदललं नसतं. माझं माझ्या जन्माआधी ठरलं होतं, तन्वीचं तिच्या. तुझ्यावर कसलंच ओझं नव्हतं. तू ह्यावर काहीतरी तिरकं बोलला असतास आणि मी चिडले असते. ते भांडण मला हवं होतं.

काल वहिनी पडवीत सुकट निवडत होती. तन्वी कॉलेजला सुट्टी म्हणून रत्नागिरीहून माझ्याबरोबरच आली होती, आईला मदत करत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. पहिल्यापासून, टेस्ट, निकाल, सगळं.

वहिनीचे हात थांबले. 'कधी गो, वन्स?'

'तीन वर्षं झाली.'

'नि ह्यांना बोलली नाहीस.'

'नाही.'

वहिनीने सुपातलं सुकट एकदा पाखडलं. 'तू रविवारी गेलीस की ते मला सांगायचे, बायचे हात बरे आहेत. दोन दिवस तेवढ्यावर जायचे. मंगळवारपासून परत सुरू, फोन लाव तिला, काय पडलं-बिडलं नाय ना विचार. बोलता यायचं बंद झालं तर फोनकडे बोट करायचे.' तिने माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. 'एकदा सांगितलं असतंस तर तो माणूस एक आठवडा तरी पुरा झोपला असता.'

सूप उचलून ती आत गेली. तिचं बरोबर आहे. मी तिला समजावायला गेले नाही.

तन्वी बसून राहिली होती. तिला वीस पूर्ण झाली, दादा. नाक तुझं आहे. म्हणाली, 'म्हणजे आता मीच उरले.'

'तुझं माझ्यावर अवलंबून नाही, तन्वी. मी सुटले म्हणून तू...'

'ठाऊक आहे, आत्या. मी पण सायन्सलाच आहे.' थोडी हसली. मग विचारलं, 'टेस्टला तुझ्याबरोबर कोण होतं?'

'कोणी नाही.'

'रिझल्टच्या दिवशी?'

'तेव्हाही नाही.'

ती अंगणाकडे बघत होती. 'मी करेन का नाही ते मला माहीत नाही. पण केली तर तू ये. कागद मला एकटीला उघडायचा असेल तर बाहेर थांब.'

'थांबेन.'

'आणि नाही केली, तर विचारायचं नाही. पाच वर्षं गेली, दहा गेली, तरी नाही. आणि माझ्यासाठी म्हणून मला काही लपवायचं पण नाही.'

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. सल्ला देणाऱ्या बाईंचं, नवीन औषधांच्या अभ्यासाचं, कधी केलेली बरी आणि कधी नाही ह्याचं. मला सगळंच ठाऊक असतं, तुला माहीत आहे. ह्या वेळी मी तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले. संपल्यावरही थोडी थांबले, अजून काही आहे का बघायला.

मग 'बरं' म्हटलं, आणि वहिनीच्या मागून आत गेले.